बाळाला उचलायचा दिवस

ओतीलिया अर्रेओला बाईंनी आपल्या घरातल्या बाळ येशूच्या मूर्तीसाठी सव्वीस वर्षांत एक टाकासुद्धा घातला नव्हता. आणि बाई कोण, तर शिंपीण. बॉइल हाइट्स या मेक्सिकन वस्तीतल्या निम्म्या पोरींचे पंधराव्या वाढदिवसाचे झगे त्यांच्या मशीनखालून गेलेले. नाचाच्या मंडळाचे घागरे तर असे, की एकेकाला वीस-वीस वार कापड लागायचं आणि तरी घेर कुठे ओढलेला दिसायचा नाही. पण आपल्या बाळाचे कपडे आपण शिवायचे नसतात, ते धर्ममातेनं आणायचे असतात. त्यामुळे बाई हात बांधून बसत.

नाताळात धर्ममातेनं बाळाला जोजवून गवतावर निजवायचं आणि दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या दिवशी, नवे कपडे चढवून उचलायचं. मग चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायचं आणि घरी आणून त्याच्या छोट्या खुर्चीवर बसवायचं. एकीनं तीन वर्षं हे केलं की दुसरी शोधायची. पण शेजारच्या चोनानं पहिली तीन वर्षं संपल्यावर आणखी तीन मागून घेतली, मग आणखी तीन, आणि असं करत सव्वीस वर्षं निघून गेली.

चोना मासळी डबाबंद करायच्या कारखान्यात होती. सुई धरायची म्हणजे तिला संकटच. तिनं आणलेला प्रत्येक झगा तिनं स्वतः शिवलेला असे आणि प्रत्येकाची शिवण वाकडी असे. एका वर्षी तिनं बाळाला फुटबॉलवाल्यांचा सदरा शिवला, त्यावरचा नऊ आकडा काखेत गेला होता. एका वर्षी तिचं पित्ताशय काढलं, तेव्हा बाळ डॉक्टर झालं, पांढरा कोट घालून. ओतीलियाबाईंचे हात शिवशिवत. ती शिवण उसवून पाच मिनिटांत सरळ करून टाकावी असं त्यांना दर वर्षी वाटे. आणि दर वर्षी त्या म्हणत, "छान झालंय, कोमाद्रे."

बाळाची आई आणि त्याची धर्ममाता या दोघी एकमेकींच्या कोमाद्रे होतात. हे नातं बहिणींपेक्षा जास्त जपायचं असतं. आदल्या दिवसापर्यंत एकमेकींच्या झिंज्या ओढणाऱ्या बायकाही त्या दिवसापासून एकमेकींना अहो-जाहो करू लागतात. कपड्यांच्या दोरीवरून एकदा दोघींचं कडाक्याचं वाजलं होतं, तेव्हा चोना अंगणातून ओरडली होती, "मसणात जा तुम्ही, कोमाद्रे." पण म्हणाली तुम्हीच.

ऑगस्टमध्ये चोना गेली, झोपेतच. ओतीलियाबाई खूप रडल्या, आणि रडून झाल्यावर त्यांना बाळ आठवलं. आता बाळाला उचलणार कोण? स्वतः त्या एक्क्याऐंशीच्या. बरोबरीच्या बायका एकेक करून नातवंडांकडे राहायला गेलेल्या. पोटची मुलगी रेबेका पंधरा वर्षांपूर्वी मूर्ती न मानणाऱ्या हालेलुयावाल्यांच्या चर्चमध्ये गेली, तेव्हापासून ती बाळाकडे पाहून "आई, ते प्लास्टरचं बाहुलं आहे" एवढंच म्हणते. उचलायला कुणी नसलं तर बाळ गवतावर निजलेलं ते निजलेलंच राहतं. आपल्यानंतर कुणीतरी त्याला खोक्यात घालील आणि खोकं गॅरेजमध्ये जाईल, हे बाईंना डोळ्यांसमोर दिसे. मरणाचं त्यांना भय नव्हतं, भय होतं त्या गॅरेजचं.

ऑक्टोबरमध्ये दारात मारिसेला तोवार उभी राहिली. तिशी ओलांडलेली, चष्मेवाली, खांद्याला ही मोठी पिशवी. विद्यापीठात आपल्या लोकांच्या कलेचं, इतिहासाचं अभ्यासकेंद्र आहे, तिथली ती संग्रहपाल. केंद्राच्या पाटीवर नावाच्या शेवटी इंग्रजी एक्सची एक फुली होती. ती कशाची हे बाईंना तीन जणांनी तीन तऱ्हांनी समजावलं होतं, आणि तिन्ही वेळा त्यांनी "असं होय" म्हटलं होतं. केंद्रात घरातल्या देव्हाऱ्यांचं प्रदर्शन भरायचं होतं. मारिसेलानं देव्हाऱ्यांवर तीस पानांचा लेख लिहिला होता, तो तिनं बाईंना भेटही दिला. बाईंनी तो मशीनच्या डळमळत्या पायाखाली ठेवला, म्हणजे वापरात ठेवला.

पोरगी तीन दुपारी आली. टेपवर बोलणं घेतलं, घागऱ्यांचे नमुने पाहिले. बाई मात्र तिलाच पाहत होत्या. कॉफी झाल्यावर तिनं कप न सांगता धुतला. चोनाच्या खुर्चीवर बसायला गेली आणि बाईंचा चेहरा पाहून गुपचूप स्टुलावर बसली. तिसऱ्या दुपारी बाईंनी ठरवलं. त्यांनी बाळाला खुर्चीवरून उचललं, चोनानं शिवलेला शेवटचा पिवळा झगा नीट केला आणि बाळ पोरीच्या हातात दिलं.

"घेशील याला?"

मारिसेलानं दोन्ही हातांनी घेतलं, एक हात डोक्याखाली, जिवंत मुलाला घेतात तसं. "घेईन की, दोन्या ओतीलिया." ती बाईंना मानानं दोन्या म्हणे.

"नीट सांभाळशील?"

"डोळ्यांत तेल घालून सांभाळीन."

मग तिनं पिशवीतून कागद काढला, इंग्रजीतला, बारीक अक्षरांचा. बाईंनी सही केली. बाप्तिस्म्याला चर्चमध्येही सही घेतातच, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. चोनाच्या वेळी असला कागद नव्हता, पण ही शिकलेली बाई, हिचं सगळं रीतसर असणार. त्या रात्री बाई कितीतरी दिवसांनी गाढ झोपल्या.

पुढचं सगळं तर बाईंच्या मनासारखंच होत गेलं. नाताळच्या सुट्टीआधी केंद्रात कार्यक्रम झाला. गाणी झाली, मुलांनी खाऊचं मडकं फोडलं. मधोमध गवताचा गोठा केला होता आणि बाळाला निजवलं मारिसेलानंच, फोनमध्ये पाहून अंगाई म्हणत. सूर गेला तो गेलाच, पण म्हटली शेवटपर्यंत. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, तिथेच राजांचा गोड पाव कापला. आत दडवलेली इवलीशी बाहुली ज्याच्या तुकड्यात निघते त्यानं कांदेलारियाला सगळ्यांना मक्याच्या पानात वाफवलेली तामालेस खाऊ घालायची असतात. बाहुली मारिसेलाच्या दाताखाली आली. सगळे हसले, टाळ्या पडल्या. बाईंनी मनातल्या मनात चोनाला कळवून टाकलं, की झालं बरं का काम. आणि निघताना त्या पोरीला म्हणाल्या, "येते. तुम्ही जपून राहा."

मारिसेलाचा चेहरा पडला. आजवर पोरी-पोरी करणारी म्हातारी एकदम अहो-जाहोवर आली. आपलं काय चुकलं, म्हणून ती बिचारी आठवडाभर विचार करत राहिली. हे बाईंना नंतर कळलं.

दोन फेब्रुवारीला ओतीलियाबाई पहाटेच उठल्या. बाळाची खुर्ची पुसली, तिच्यावर नवी गादी ठेवली. मक्याची खीर, आतोले, चुलीवर चढवली. चर्चमधली मिस्सा अकराला. साडेदहाला त्या खिडकीत उभ्या राहिल्या. रस्त्यानं बायका आपापली बाळं घेऊन निघाल्या होत्या. कुणाचं पांढऱ्या साटिनमध्ये, कुणाचं पंख लावलेलं, एकाला तर चक्क गॉगल. अकराची घंटा झाली. बाराची झाली. आतोलेवर साय धरली.

फोन करायचा त्यांच्या मनात आलं आणि त्यांनाच त्याची लाज वाटली. धर्ममातेला आठवण द्यायची? चोनाला सव्वीस वर्षांत कधी द्यावी लागली नव्हती. पित्ताशय काढलं त्या वर्षी ती टाके सांभाळत, भिंत धरून आली होती.

एक वाजता रेबेका डबा द्यायला आली. तिनं खीर पाहिली, रिकामी खुर्ची पाहिली, आईचं तोंड पाहिलं.

"आई, त्या बाईला माहीत तरी आहे का आज काय आहे ते?"

"तिनं त्यावर लेख लिहिलाय."

"लेखवाल्यांचं काही सांगू नकोस मला. तुझं बाहुलं घेऊन गेली, सही घेऊन गेली. आता बस वाट पाहत."

"बाहुलं म्हणू नकोस."

"बरं, बाळ. कोट घाल."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तू दोन बस बदलत जाणार, आणि मग मला कुणीतरी फोन करणार, तुमची आई थांब्यावर चक्कर येऊन पडलीय म्हणून. चल, मी सोडते. पण मी आत येणार नाही. मूर्तिपूजेत मी नाही."

केंद्र वाचनालयाच्या तळमजल्यावर. रेबेका आत आलीच, कारण पार्किंगमध्ये ऊन होतं. भिंतीवर जुन्या मोर्चांची, नाचांची पोस्टरं. मधल्या टेबलावर वाफाळती तामालेस, आणि भोवती पाच-सहा विद्यार्थी पानं सोलून खात उभे. मारिसेला लगबगीनं पुढे आली, बाईंच्या गालाला गाल लावला.

"दोन्या ओतीलिया! बरं झालं आलात. मी विसरले नाहीये बरं का. बाहुली मला निघाली होती, तामालेस माझ्याकडून. ही लाल मिरचीची, ही चीजची."

बाईंनी टेबल पाहिलं. खोली पाहिली. गोठा उठवला होता, तिथे आता खुर्च्या रचून ठेवल्या होत्या.

"बाळ कुठंय?"

"बाळ?" मारिसेला क्षणभर गोंधळली. "हां, ते होय. ते फ्रीझरमध्ये आहे."

पंधरा वर्षं मूर्तींविरुद्ध झगडलेली रेबेका. पण आधी तिच्याच तोंडून निघालं, "फ्रीझरमध्ये?"

बाईंनी खुर्चीची पाठ धरली. मारिसेला घाईघाईनं सांगू लागली. गोठ्यातल्या गवतातून कसर आली होती, पिवळ्या झग्याला दोन भोकं पडली. असं झालं की संग्रहातली वस्तू पिशवीत बंद करून दोन आठवडे कडक गारठ्यात ठेवतात, म्हणजे किडे मरतात, अंडीसुद्धा. औषध मारावं लागत नाही, रंगाला धक्का लागत नाही. सगळ्या मोठ्या संग्रहालयांत असंच करतात. बाळाचे दोन आठवडे कालच भरले होते.

"माझ्या लेकराला तुम्ही बर्फात घातलंत," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण खाणारे सगळे थांबले. "कांदेलारियाच्या दिवशी ते उघड्यावर तरी असेल, असं वाटलं होतं मला. कपडे राहू देत. चर्च राहू दे. उचललं तरी असेल."

मारिसेलाचे डोळे मोठे झाले. "दोन्या ओतीलिया, तुम्ही माझ्यावर रागावलात ना? सहा तारखेपासून बघतेय मी. मला तुम्ही म्हणायला लागलात."

"रागावले असते तर तूच म्हटलं असतं. चांगलं दोनदा म्हटलं असतं."

"मग?"

"मग काय मग? मूल हातात दिलं. घेशील का विचारलं, घेईन म्हणालात. इथे सगळ्यांसमोर निजवलंत. मग मी तुम्हाला तू म्हणू? कोमाद्रेला?"

मारिसेलानं तोंडावर हात ठेवला. मग ती म्हणाली, "तळटीप एकोणीस."

"काय?" रेबेकानं विचारलं.

"माझ्या लेखात आहे. मूल हातात देणं म्हणजेच विचारणं, आणि घेणं म्हणजेच होकार. कोमाद्रे झाल्या की एकमेकींना तुम्ही म्हणतात. मी लिहिलंय हे. पुस्तकं वाचून लिहिलंय. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मला वाटलं, देणगी देतायत." ती चष्मा काढून पुसू लागली. "मला कुणी सांगितलंच नाही, दोन्या ओतीलिया. आमच्या घरात हे नव्हतं."

"सांगायचं कशाला? हातात दिलं की सांगून झालं."

एवढ्यात आतल्या खोलीतून केंद्राचे संचालक डॉक्टर बाल्तासार आले. दाढीवाले, मऊ बोलणारे, हातात अर्धं तामाल. सगळं ऐकून त्यांना वाईट वाटलं हे दिसत होतं. पण त्यांनी कपाटातून तो बारीक अक्षरांचा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. त्यावर कायमची देणगी असं लिहिलं होतं. वस्तू संग्रहात नोंदली गेली, आता ती केंद्राची. अशी घरी देता येत नाही.

"सही तुमची आहे, सेन्योरा," ते हळूच म्हणाले.

"आहे की. बाप्तिस्म्याला पाद्रीसुद्धा सही घेतो. म्हणून मूल काय चर्चच्या मालकीचं होतं?"

रेबेकानं आईकडे पाहिलं, आणि तिच्या नजरेत अभिमान होता, जो तिला लपवता आला नाही.

बाई खुर्चीवर बसल्या. राग ओसरला आणि खाली जे होतं ते वर आलं. "मला ते परत हवंय असं नाही, डॉक्टर. माझं वय काय झालंय? ते कुणाचं तरी असावं एवढंच मला हवंय. चोना गेली. मी जाईन. रेबेका त्याला हात लावणार नाही. वर्षातून एक दिवस कुणीतरी त्याला उचलावं. तेवढ्यासाठी मी या पोरीला दिलं. तुमच्या कपाटात नंबर लावून ठेवायला दिलं नव्हतं."

मारिसेला आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात जाड, पारदर्शक पिशवी होती, चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद केलेली. आतून हिमाचा पांढरा थर. त्यातून पिवळा झगा अंधुक दिसत होता, आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, तिच्यावर आकडे.

ती चिठ्ठी ओतीलियाबाईंनी ओळखली. ऑगस्टमध्ये दवाखान्याच्या तळघरातल्या शवागारात चोनाच्या पायाला अशीच बांधली होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही.

मारिसेलानं पाहिलं. तिला चोनाच्या पायाची चिठ्ठी माहीत नव्हती, पण म्हातारीचा चेहरा पुरेसा होता. तिनं पिशवी टेबलावर ठेवली आणि चिकटपट्टीला नख लावलं.

"मारिसेला," डॉक्टर म्हणाले, "चोवीस तास. तुलाच ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. आज कांदेलारिया आहे." पट्टीचं एक टोक सुटलं.

"थांबा."

हे डॉक्टर बोलले नव्हते. ओतीलियाबाईंनी उठून पोरीचं मनगट धरलं होतं.

"चोवीस तास कसले?" त्यांनी विचारलं.

"गार वस्तू एकदम उघडली तर तिला पाणी सुटतं," मारिसेला रडत म्हणाली. "पिशवीत बंद असताना पाणी पिशवीवर धरतं. ती खोलीएवढी कोमट झाली की मगच उघडायची. उद्या दुपारी तीनला."

"आणि आत्ता उघडली तर?"

"ओल धरेल. रंग सुटू शकतो. पण नाही सुटणार कदाचित. पटकन पुसलं तर..."

"नाकाला चोनाचा गोंद आहे," बाई म्हणाल्या. "चौदा साली पडलं होतं. गोंद ओला झाला की नाक गेलं. लावा ती पट्टी परत."

"पण आज उचलायचंय ना?"

"उचलायचं आज आहे. उघडायचं आज आहे असं कुणी म्हटलं? मुलाला इजा होऊ द्यायची नाही, धर्ममातेचं पहिलं काम ते. नवे कपडे, चर्च, ते सगळं त्याच्यामागून. उचला."

मारिसेलानं पट्टी दाबून बसवली. मग पिशवीखाली हात घातले, एक हात डोक्याखाली, आणि बाळाला उचलून छातीशी धरलं. पातळ सुती ब्लाउजमधून गारठा थेट अंगात गेला. तिचे दात वाजले.

रेबेकानं अंगातला लोकरीचा स्वेटर काढला आणि पिशवीभोवती गुंडाळला, बाह्या खालून घट्ट बांधल्या. "तिला सर्दी होईल म्हणून," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तिला. याला नाही."

मारिसेला झुलू लागली. फोन टेबलावर राहिला होता. अंगाईची पहिली ओळ तिला आठवली, दुसरी अर्धी. बाईंनी पुढचं धरलं. बाईंचा श्वास पुरेना, तेव्हा तिसरं कडवं दाराशी उभ्या असलेल्या रेबेकानं म्हटलं, भिंतीवरच्या पोस्टरकडे पाहत. तिला शब्द पाठ होते. लहानपणी ती याच अंगाईवर झोपली होती, आणि ते काही तिला पुसून टाकता आलं नव्हतं.

डॉक्टरांनी हातातलं तामाल खाली ठेवलं होतं.

"कपडे," मारिसेला मग घाबरून म्हणाली. "मी कपडे आणलेच नाहीत."

"उद्या तीनपर्यंत वेळ आहे," बाई म्हणाल्या.

तिनं शोधाशोध केली. केंद्रात जुन्या झग्यांच्या घड्यांमध्ये घालायला ठेवलेलं पांढरं, धुतलेलं सुती कापड होतं. नव्या धर्ममातेच्या पहिल्या वर्षी झगा पांढराच लागतो. तिनं पिशवीवरूनच टेपनं माप घेतलं, बाळाला बाजूच्या खुर्चीवर स्वेटरसकट बसवलं आणि सुई-दोरा घेऊन बसली. तीन वेळा दोरा सुईत गेला नाही. चौथ्यांदा गेला.

"तुम्ही मला दाखवाल का जरा? खांद्यापाशी कसं करायचं?"

"नाही," ओतीलियाबाई म्हणाल्या. "मी त्याची आई. तुमचं काम तुम्ही करा."

आणि त्या दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसल्या. पोरगी टाके घालत होती, एक लांब, एक आखूड, एक कुठे भलतीकडेच. बाहीचं कापड तिनं उलटं लावलं, उसवलं, परत उलटंच लावलं. बाईंच्या जिवाची नुसती तगमग झाली. रेबेका आईचे दाबून ठेवलेले हात पाहून हसू दाबत होती. विद्यार्थी गेले, तामालेस संपली.

"चोनाबाईंचे बाकीचे कपडे?" शिवता शिवता मारिसेलानं विचारलं. "सव्वीस वर्षांचे?"

"आहेत की. बुटांच्या खोक्यांत. पंचवीस, आणि हा अंगातला."

"सगळे हातानं शिवलेले?"

"हातानं. म्हणजे, हात होते एवढंच."

डॉक्टर बाल्तासारांचे कान टवकारले. मासळीच्या कारखान्यातल्या बाईनं एकाच बाळासाठी एकामागून एक शिवलेले सव्वीस झगे. ते जवळ येऊन बसले आणि त्यांनी तो बारीक अक्षरांचा कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, की देणगीत काय आलं याची नोंद चुकीची झाली असेल तर ती दुरुस्त करता येते. कपडे देणगी म्हणून आले होते, बाळ त्यांच्याबरोबर आलं होतं. केंद्रानं कपडे ठेवावेत. बाळ आपल्या घरी जाईल. कायद्याच्या कचेरीचं ते बघून घेतील.

"चोनाचं नाव लिहाल?" बाईंनी विचारलं.

"पूर्ण नाव सांगा."

"एन्कार्नासिओन बेसेरा. पण त्यानं तिला कुणी ओळखायचं नाही. चोना लिहा."

दुसऱ्या दिवशी तीनला पिशवी उघडली. बाळ कोरडं होतं, नाक जागच्या जागी. पायाची चिठ्ठी बाईंनी स्वतः कात्रीनं कापली. मारिसेलानं पिवळा झगा हळूच उतरवला आणि पातळ कागदावर निजवला. मग पांढरा चढवला. रात्र जागून तिनं तो पुरा केला होता. डोळे लाल, दोन बोटांना पट्ट्या. डावी बाही उजवीहून बोटभर लांब होती. खालची शिवण सुरुवातीला सरळ निघाली होती, मग वर चढली, मग काहीतरी आठवल्यासारखी खाली आली.

ओतीलियाबाईंनी बाळाला दिव्याखाली धरलं. शिवणीवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हे उसवून सरळ करायला पाच मिनिटं पुरली असती. मारिसेला श्वास रोखून उभी होती.

एक वाक्य पुन्हा कधी तोंडात येईल असं बाईंना ऑगस्टपासून वाटलं नव्हतं.

"छान झालंय, कोमाद्रे," त्या म्हणाल्या.